पुरातलं दार

सांगलीच्या अलीकडच्या एका वखारीतून आम्ही ते दार आणलं तेव्हा त्याच्यावर छातीएवढ्या उंचीवर चिखलाची एक रेघ होती. रेघेच्या वरचं लाकूड तांबूस, खालचं राखाडी. आमचे हे त्याच्यावर थाप मारून म्हणाले, "पाण्यात बुडून निघालेलं सागवान आहे. ह्याला आता काय होणार? जे व्हायचं ते होऊन गेलंय."

आम्ही वडूजला राहतो. हे फौजेत होते, गाड्या दुरुस्त करणाऱ्या तुकडीत. निवृत्त होऊन आले ते पाने-पकडींनी भरलेली लोखंडी पेटी घेऊन, आणि तेव्हापासून आमच्या घरात प्लंबर, सुतार, वायरमन असं कुणी आलेलं मला आठवत नाही. बंद पडलेल्या वॉशिंग मशीनच्या ड्रमची आमच्याकडे शेगडी आहे. फुटलेली बादली तापवलेल्या सुरीने सांधलेली आहे. अडलं की हे मोबाइलवर व्हिडिओ बघतात, बघताबघता "गलत है, गलत है" असं पुटपुटतात आणि मग स्वतःच्या पद्धतीने करतात.

मीही काही उधळी नाही. मी दुष्काळी माणची. आमच्या लहानपणी आई आम्हाला मोठ्या परातीत बसवून अंघोळ घालायची, त्याच पाण्यात धुणं व्हायचं आणि उरलेलं अंगणात शिंपडलं जायचं. आता नळाला पाणी येतं, तरी तांदळाचं धुवण कढीपत्त्याला जातं आणि दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळतात. सून हसते. हसू दे.

मुलगा पुण्याला असतो. तो बायको-पोरांसकट आला की घर अपुरं पडायचं, म्हणून परसात घराच्या मागच्या भिंतीला लागून एक खोली काढायची ठरली. भिंती तेवढ्या गवंड्याने बांधल्या. बाकी सगळं जुन्या बाजारातलं आणि आमच्या हातचं. पत्रे बंद पडलेल्या पोल्ट्रीचे, खिडकीची जाळी पाडलेल्या बंगल्याची. राहिलं दार. नवं फ्लश डोअर ह्यांना नको होतं. "भुसा दाबून केलेली असतात ती," म्हणाले. म्हणून सांगलीची वाट धरली.

वखार म्हणजे उघड्या रानात घातलेला पत्र्याचा मांडव. तिथे दारं चौकटींसकट एकामागे एक उभी करून ठेवली होती. घरं नव्हती, नुसती दारं. हे लाकूड ठोकत, नखाने खरवडून बघत पुढे गेले आणि मी मागे राहिले. वाऱ्याने मधलंच एक दार कुरकुरत उघडलं, त्याच्या मागे दुसरं बंद दार दिसलं. न विचारता कुणाच्या तरी घरात शिरल्यासारखं मला वाटलं. मी डोक्यावरून पदर घेतला. कुणासाठी, ते माझं मला कळेना.

ह्यांनी निवडलेलं दार दोन फळ्यांचं होतं, उंबऱ्यासकट. त्याची एक कडी पितळेची होती. दुसरी तुटली असावी, कारण तिच्या जागी नांगराच्या साखळीतला एक दुवा तापवून, वाकवून बसवला होता. हे त्या कडीकडे बराच वेळ बघत राहिले. तिच्यातून बोट फिरवलं. "हे ज्याने केलंय ना," म्हणाले, "तो माणूस आपल्यातला आहे."

मी वखारवाल्याला विचारलं, "कुणाच्या घरचं आहे?"

"पुराच्या गावचं हाय, ताई. नदीकाठचं. घर पाडलं, लाकूड माझ्याकडं आलं."

"घरातली माणसं?"

"ते इचारत बसलो तर माझा धंदा कसा व्हायचा?" असं म्हणून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

सांगलीच्या बाजारात कांदा उतरवून मोकळा परतणारा ओळखीचा टेम्पो ह्यांनी आधीच ठरवून ठेवला होता. त्यातून दार वडूजला आलं.

धुण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून मी ते काथ्याने घासायला घेतलं. पहिलं पाणी गढूळ निघालं, ते निघणारच. पण दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशीही निघतच राहिलं. बारीक, मऊ, काळा गाळ. आमच्याकडची माती तांबूस आणि भरड असते. हा गाळ बोटांवर साबणासारखा घसरायचा आणि त्याला वास होता, खोल पाण्याचा, शेवाळाचा. शेवटी रेघ गेली. उंबरा घासताना मला दिसलं की तो मधोमध झिजलेला नाही. डाव्या हाताला, चौकटीला लागून, बसायला जागा व्हावी असा तिथे खळगा पडला होता. वर्षानुवर्षं कुणीतरी तिथेच बसत आलं होतं.

बसवायचं काम ह्यांनी एकट्याने केलं. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी जुळवली, ओळंबा सोडला, पुन्हा पुन्हा तपासलं. दार इतकं हलकं फिरायला लागलं की एका बोटाने उघडावं. हे खूश होऊन फौजी थाटात म्हणाले, "ओके रिपोर्ट."

त्याच संध्याकाळी, दिवेलागणीला, मी परसात दोरीवरचे कपडे काढत होते. दाराच्या दोन्ही फळ्या लोटून घेतलेल्या होत्या. त्या हळूहळू आत गेल्या. वाऱ्याने दार उघडतं तेव्हा ते आपटतं, हेलकावतं. हे तसं उघडलं नाही. आतून कुणी धरून उघडावं तसं, मापाने उघडलं आणि तिथेच थांबलं.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी ह्यांनी ओळंबा सोडला, बिजागऱ्या काढून पुन्हा लावल्या. दार सरळ होतं, जमीन सरळ होती. दिवसभर ते लोटलेलं राहायचं, पण परसात उजेड मऊ झाला की उघडायचं. कडी घातली तर कडी आतल्या आत हलायची, बारीक आवाज करत. मला तो आवाज ऐकवेना. मीच म्हणाले, "नका कडी घालू. उघडू दे." ह्यांनी जुन्या पँटच्या पायात वाळू भरून एक पिशवी शिवली आणि दाराला आतून टेकवायला ठेवली. संध्याकाळी ती पिशवी सरकवून दार उघडायचं.

"लाकूड अजून बसतंय," हे म्हणायचे. "ओलीतलं कोरड्यात आलंय. वर्षभर त्याला समजून घ्यायला पाहिजे."

मी मान डोलवायची. दिवसा ते पटायचंही.

पावसाळा आला. आमच्याकडे पावसाळ्यात पाऊस कमी आणि वाराच जास्त. येरळा नदी नावाला. श्रावणात टीव्हीवर कृष्णेची पातळी सांगायला लागले. धरणातून पाणी सोडलं, सांगलीत घाटावर पाणी चढलं. इकडे आमच्या परसात धूळ उडत होती. एका सकाळी मी झाडायला गेले तर दारावर ती रेघ परत आलेली. घासून घासून काढलेली, त्याच उंचीवर. मी हात लावला. रेघेच्या वर लाकूड कोरडं, उन्हाने कोमट झालेलं. रेघेखाली गार आणि ओलं. बोटं नाकाशी नेली तर तोच वास.

ह्यांना बोलावलं. त्यांनी हात लावून पाहिला, मग पँटला पुसला. "पोटातलं पाणी बाहेर टाकतंय," म्हणाले. पण नेहमी करतात तसा त्यांनी पुन्हा हात लावून खात्री केली नाही.

त्या आठवड्यात ती पहिल्यांदा आली.

संध्याकाळ होत आली होती. हे नळाचे वायसर आणायला बाजारात गेले होते. मी परसात शेंगा फोडत बसले होते. कडी वाजली. दाराला मोठ्या कड्या असल्या की घरची माणसं एका ठरावीक लयीत वाजवतात, तशी वाजली. मान वर केली तर दाराशी एक म्हातारी उभी. नऊवारी लुगडं, हाडकुळं अंग, ताठ. परसाला मागच्या बोळातून वाट आहे, तिथून ती आली असणार. तिचे पाय घोट्यापर्यंत ओल्या गाळाने माखलेले होते.

तिने चपला काढून उजवीकडे ठेवल्या. उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. मग वळून डाव्या हाताच्या त्या खळग्यात बसली. न बघता बसली, आपल्या खाटेवर टेकावं तशी.

"लय उशीर झाला गं," मला म्हणाली. "चूल पेटली का?"

"पेटली, मावशी," म्हणाले.

"पाणी कुठवर आलं?"

"कुठलं पाणी?"

"मी निघाले तवा पायरीवर व्हतं." तिने खाली बघितलं, परसातल्या कोरड्या जमिनीकडे, आणि पाय हळूच उचलून उंबऱ्यावर घेतले. "तू त्यांनला उठवलंस न्हवं?"

"कुणाला, मावशी?"

"आत झोपल्यात की." तिने मागे खोलीकडे बोट दाखवलं. खोलीत ह्यांचं टेबल होतं, कपाट होतं. बाकी कुणी नव्हतं. तरी मी मान वाकवून आत बघितलं, हे मला आठवतंय.

मी पाणी आणायला उठले. परतले तर ती खोलीत शिरली होती. थोडं आत जाऊन डावीकडे वळली आणि भिंतीला जाऊन भिडली. दोन्ही हात पसरून भिंत चाचपू लागली, वर, खाली, कोपऱ्यापर्यंत.

"हितं दार व्हतं," ती म्हणाली. मग तिचा आवाज बारीक झाला. "कुणी बुजवलं? त्यांनला आतच बुजवलं का काय?"

मी तांब्या उंबऱ्यावर ठेवला. तेवढ्यात बोळातून एक बाई धावत आली. माझ्याहून थोडी लहान, घामाघूम.

"आवं वैनी, आमची आई आली का हिकडं?" एवढं म्हणाली आणि तिची नजर दारावर गेली. ती परसाच्या मधोमध थांबली. पुढे पाऊल टाकेना. नांगराच्या दुव्याची ती कडी तिने लांबूनच ओळखली.

"ही कडी आमच्या आप्पांनी केल्याली हाय," ती म्हणाली. "हे आमचं दार हाय, वैनी. तुमच्याकडं कसं आलं?"

म्हातारीला खळग्यात बसवून मी चहा केला. लेकीने परसातल्या धुण्याच्या दगडावर बसून चहा घेतला, दाराकडे पाठ करून, आणि सांगितलं. त्यांचं घर सांगलीच्या खालच्या अंगाला, नदीकाठी. आप्पांना लकवा झालेला, आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेले. पूर आला तेव्हा पाणी एवढं चढेल असं कुणाला वाटलं नव्हतं. आई माणसं बोलवायला बाहेर पडली आणि कोंबड्या-कुत्री शिरू नयेत म्हणून दार ओढून घेऊन गेली. परतली तोवर पाणी कमरेला लागलं होतं आणि दार फुगून बसलं होतं. ती आणि दोन माणसं रेटत राहिली. आतून आप्पा खोकत होते. मग पाणी छातीला आलं आणि माणसांनी तिला ओढून नेलं. कौलं काढून वरून उतरेपर्यंत उशीर झाला होता.

"भावानं घर पाडलं, लाकूड इकलं. आईला इस्लामपूरला नेली. थितनं ती सारखी नदीकडं पळायची. म्हणून मी हिकडं आणली. म्हटलं, हितं न्हाई नदी, न्हाई पाणी. महिना झाला, घराबाहेर पाऊल टाकलं न्हाई तिनं. आज पयल्यांदा."

"तुमचं घर कुठं?"

तिने सांगितलं. ते गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. मधे बाजारपेठ, एसटी स्टँड, मोठा रस्ता. म्हातारी हे सगळं ओलांडून, एवढी दारं मागे टाकून, मागच्या बोळातून आमच्या परसात आली होती. मी विचारलं, "वाटेत कुठं पाण्यातून आल्या का? पायाला गाळ आहे."

लेकीने आईच्या पायांकडे बघितलं. "न्हाई ओ," ती म्हणाली. "आमच्याकडं दोन दिस नळाला पाणीबी न्हाई."

हे घरी आल्यावर मी सगळं सांगितलं. मी म्हणाले, "काढून टाकू या ते दार." ते म्हणाले, "टाकून काय होणार? दुसऱ्याच्या घरी जाईल." मग बाहेर जाऊन त्या कडीला थोडं तेल सोडून आले.

त्यानंतर म्हातारी अधूनमधून येऊ लागली. लेक तिला अडवेनाशी झाली, लांबून मागे मागे यायची. म्हातारी येऊन खळग्यात बसायची, पाणी कुठवर आलं ते विचारायची. मी म्हणायची, "उतरतंय, मावशी." तिला ते खरं वाटायचं नाही. एकदा माझा हात धरून म्हणाली, "तू सांगतीस खरं, पर तुझं दार वल्लं हाय."

गौरी-गणपतीला मुलगा येणार होता. त्यासाठी ह्यांनी जुन्या बाजारातून आणलेलं एक लाकडी कपाट घासून तयार केलं होतं, त्याला पॉलिश करायचं होतं. त्या दुपारी वारा भणभणत होता. ओल्या पॉलिशवर धूळ बसू नये म्हणून ह्यांनी खिडकीला आतून प्लॅस्टिकचा कागद चिकटवला, दार लोटून घेतलं आणि थिनर, चिंध्या, डबे घेऊन आत बसले. मी घरात सारणाची तयारी करत होते. टीव्ही लावलेला होता. नदीने धोक्याची खूण ओलांडली, असं काहीतरी चाललं होतं.

चहाच्या वेळी मी परसात जाऊन हाक मारली. उत्तर आलं नाही. दार लोटलं, हललं नाही. एका बोटाने उघडणारं दार. मी दोन्ही हातांनी रेटलं, खांदा लावला. फळ्या चौकटीत इतक्या घट्ट बसल्या होत्या की मधली फट दिसत नव्हती. लाकूड फुगलेलं होतं. माझे तळवे ओले झाले. रेघेच्या खालून पाणी पाझरत होतं, उंबऱ्यावर टपटपत होतं, आणि माझ्या पायाखालची जमीन कोरडी ठाक होती.

दाराच्या वरच्या कडेने थिनरचा वास येत होता. मी ओरडत होते, "आवं, उघडा! आवं!" खिडकीकडे धावले. जाळीतून हात घालून प्लॅस्टिक फाडलं. आत अंधार. खाली फरशीवर ह्यांचे पाय दिसले, आडवे. जाळी मजबूत. ह्यांनीच बसवलेली.

परत दाराशी आले तर म्हातारी तिथे होती. लेक बोळातून पळत येत होती. म्हातारीने मला दंडाला धरून बाजूला केलं. तिच्या अंगात ती ताकद कुठली, कुणास ठाऊक. तिने दोन्ही तळवे दारावर ठेवले, गाल लाकडाला लावला आणि अगदी घरगुती आवाजात, जेवायला हाक मारावी तशी, म्हणाली, "आवं, आले मी. माणसं घिऊन आले. आता हाक द्या."

आतून खोकला आला.

ह्यांचा खोकला मला ओळखता येतो. तो ह्यांचा नव्हता. म्हाताऱ्या माणसाचा, खोल, पाण्याचा खोकला होता. माझ्या मागे लेकीने तोंडात पदर कोंबल्याचं मला जाणवलं.

"हां," म्हातारी म्हणाली. "लोटा गं पोरींनो."

आम्ही तिघींनी रेटलं. दार उघडलं. रोज संध्याकाळी उघडतं तसंच, मापाने, आवाज न करता. आम्ही दोघी ह्यांना बखोटीला धरून ओढत परसात आणलं. म्हातारी पाठोपाठ बाहेर आली, पण आमच्याकडे तिचं लक्ष नव्हतं. ती तोल सांभाळत, हात थोडा उचललेला ठेवून, कुणाला तरी खांद्याचा आधार दिल्यासारखी चालत होती. कढीपत्त्याच्या झाडापाशी थांबली, हात हळूच खाली सोडला आणि पदराने तोंड पुसलं.

लेकीच्या घरची गाडी आली. ह्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा वेळ आत राहिले असते तर कठीण होतं. दुसऱ्या दिवशी हे उठून बसले, चहा मागितला आणि आधी स्वतःवरच चिडले. बंद खोलीत थिनर वापरायचं नाही हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. दाराचं कारण विचारल्यावर म्हणाले, "वाळूची पिशवी आडवी पडून अडकली असेल." पण आम्ही ह्यांना ओढून काढलं तेव्हा पिशवी खिडकीखाली भिंतीशी होती. दारही वाळून गेलं होतं, रेघ पुन्हा नाहीशी झाली होती.

घरी आल्यावर काही दिवसांनी, जेवताना, मी काही विचारलेलं नसताना ते म्हणाले, "मला तुझी हाक ऐकू येत होती."

"मग ओ का दिली नाही?"

"तो सोडेना." ते ताटाकडे बघत होते. "माझ्याशेजारी एक जण झोपला होता. खोकत होता. चांगला माणूस. मला म्हणाला, बसा की, पाणी उतरलं की दोघं मिळून जाऊ." मग म्हणाले, "थिनरने डोकं फिरतं. माहीत आहे मला."

पुढे त्यांनी तो विषय काढला नाही. मात्र गणपती झाल्यावर एका सकाळी छिन्नी-हातोडा घेऊन ते खोलीत गेले आणि डावीकडची भिंत फोडायला लागले. "एकच दार असलेली खोली म्हणजे पिंजरा," म्हणाले. "दुसरी वाट पाहिजे." म्हातारीने जिथे हात पसरून भिंत चाचपली होती, बरोबर तीच जागा. ती त्यांना मी दाखवली नव्हती. भिंत फोडून त्यांनी वखारीतलंच एक लहान दार तिथे बसवलं, बाहेरच्या बाजूला उघडणारं.

म्हातारी त्या दुपारनंतर कधी आली नाही. मी तिला भेटायला गेले. लेकीच्या ओट्यावर बसून ती वाल सोलत होती. मला तिने ओळखलं नाही. "कुठल्या गावच्या तुमी?" असं विचारलं. मी माणची म्हटल्यावर हसली. "तिकडं पाणी न्हाई. बरं हाय." मग पुढे वाकून, एखादी आनंदाची बातमी सांगावी तशी म्हणाली, "आमचं मालक बाहेर आलं. लय दिस आत व्हतं."

लेक म्हणाली, आता ती शांत झोपते, पाण्याचं विचारत नाही. मी तिला म्हटलं, दार तुमचं आहे, न्यायचं असेल तर न्या. ती घाईने मान हलवत म्हणाली, "नको, वैनी. तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. तुमी संबाळताय ते." उन्हाळ्याच्या सुरुवातीला म्हातारी गेली. झोपेतच गेली. आम्ही दोघं मातीला गेलो होतो. वाटेत हे मला म्हणाले, "तिच्यामुळे मी आहे."

खोली आता वापरात आहे. नातवंडं येतात तेव्हा तिथेच झोपतात, त्यांना कसला त्रास नाही. संध्याकाळी दार उघडत नाही. लोटलं की लोटलेलं राहतं. मुलगा म्हणतो, "आता तरी नवीन दार बसवा, बाबा, किती जुनाट दिसतंय." हे त्याला सागवानावर व्याख्यान देतात.

पण एक सवय ह्यांना लागली आहे. दुपारी त्या खोलीत कामाला जाताना ते उंबऱ्याबाहेर थांबतात, हलकेच खाकरतात आणि क्षणभर वाट बघून मग आत पाऊल टाकतात. दुसऱ्याच्या घरी जाताना पुरुषमाणसाने खाकरून जावं, तसं. मी चुलीशी असते, तिथून मला ते दिसतं.